अकोल्याची मंदा, अमरावतीची कौसल्या

निघताना माझ्या ट्रंकेत एक नवं लुगडं होतं आणि ते माझं नव्हतं. हिरव्या रंगाचं, लाल काठांचं, लक्ष्मी रोडवर अर्धा तास घासाघीस करून घेतलेलं. ते होतं अमरावतीच्या एका बालिकाश्रमातल्या कौसल्येसाठी. कौसल्येला मी कधी पाहिलं नव्हतं. पण तिचं नुकतंच लग्न झालं होतं, आणि नव्या नवरीच्या माहेरी रिकाम्या हातानं जाणं बरं दिसत नाही, एवढं माझ्यासारख्या बिनलग्नाच्या बाईलाही कळतं.

आता ही कौसल्या कोण, ते सांगते. पुण्याच्या एका अध्यापिका विद्यालयात मी मराठी व्याकरण शिकवते. आमच्याकडे दरवर्षी एक जागा अनाथ मुलीसाठी राखलेली असते. फी माफ, वसतिगृहात राहणं माफ, दोन वेळचं जेवण माफ. दोन वर्षांत मुलगी शिक्षिका होते आणि पुढं कुणाच्या तोंडाकडे पाहायची तिला गरज राहत नाही. यंदाची जागा अमरावतीच्या कौसल्येला द्यायची ठरली होती, फक्त तसं कळवायचं राहिलं होतं. पण आश्रम सांभाळणाऱ्या तुळसाबाईंचं पत्र आलं. त्यात दोनच ओळी होत्या: ‘कौसल्याचे लग्न होऊन राहिले आहे. तरी जागेचे काय ते लवकर कळविणे.’

मी लाल पेन्सिल घेतली, ‘राहिले’ खोडलं, त्यावर ‘गेले’ लिहिलं आणि पत्र फायलीला लावलं. वीस वर्षं वह्या तपासल्यावर हात आपोआप तसाच चालतो. लग्न होऊन गेलं, म्हणजे जागा मोकळी झाली, ती दुसरीला दिल्याचं कळवा, असा मी सरळ अर्थ काढला. तुळसाबाईंना कार्ड टाकलं: ‘वाचून आनंद झाला. सौ. कौसल्येस अनेक उत्तम आशीर्वाद.’ यादीत दुसरं नाव अकोल्याच्या मंदाचं होतं. मे महिन्यात वऱ्हाडात जाऊन मंदाला पाहावं, जागा तिची झाल्याचं तिला सांगावं, पुढं अमरावतीला जाऊन नवरीच्या माहेरची भेट घ्यावी आणि परतताना मंदाला घेऊन यावं, असं ठरलं.

दिवस कसे होते ते वाचकांना आठवत असेलच. पाकिस्तानशी लढाई संपून आठ-नऊ महिने झाले होते. पावसानं दगा दिला होता. रेशनच्या दुकानात परदेशातून आलेली लाल ज्वारी मिळत होती, जिला सगळे मायलो म्हणतात आणि जिची भाकरी थापली की नकाशासारखी फाटते. धान्य वाचावं म्हणून सोमवारी संध्याकाळी घरोघर चूल बंद ठेवायची पद्धत पडली होती. मी एकटी राहते. माझी चूल बंद राहिली काय नि पेटली काय, देशाला फारसा फरक पडत नव्हता, पण मी नेमानं बंद ठेवत होते.

मनमाडला गाडी बदलली आणि उन्हाची खरी ओळख झाली. भुसावळ सोडल्यावर खिडकीचे लोखंडी गज हात लावू देईनात. बाहेर काळी जमीन, तिला हात हात खोल भेगा, आणि मध्येच एखादं बाभळीचं झाड. समोरच्या बाकावर शेगावला उतरणारी एक म्हातारी होती. ती बराच वेळ माझ्याकडे पाहत होती. शेवटी तिनं विचारलं, “पदराले कांदा नाही बांधला का, बाई?”

“कांदा कशाला?”

“ऊन लागत नाही ना. पयल्यांदाच येऊन राहिल्या वाटते इकडं.”

मी हसले. तिनं न हसता आपल्या गाठोड्यातून कांदा काढला, माझ्या पदराचं टोक ओढून त्यात बांधला आणि वर गाठ मारली. त्यामुळं मी अकोल्याच्या स्टेशनवर उतरले ती कांद्याचा वास घेऊन. सायकलरिक्षावाल्यानं मात्र नाक मुरडलं नाही. त्याच्याही खिशात कांदा होता.

अकोल्याला कापसाचा हंगाम संपला होता. सरकी काढणाऱ्या जिनांची फाटकं बंद होती, पण रस्त्याकडेच्या काटेरी झुडपांवर कापसाचे पुंजके अजून अडकून राहिले होते. मंदा राहत होती ते अनाथ मुलामुलींचं बोर्डिंग गावाच्या टोकाला होतं: दोन लांबट खोल्या, मध्ये अंगण, अंगणात कडुनिंब. ते चालवणारे गुरुजी साठीचे, उंच, खादीचा सदरा घातलेले. दाराशीच त्यांनी “जय भीम” म्हटलं, हातपाय धुवायला पाणी दिलं आणि लगेच चहा मागवला. चहा मला खारट लागला. साखरेऐवजी मीठ पडलं असेल, असं समजून मी मुकाट्यानं प्यायले. दुसरा कपही तसाच लागला तेव्हा गुरुजी म्हणाले, “इथलं पानीच खारं हाये, बाई. आमाले आता गोड पानी बेचव लागते.”

बोर्डिंगात अडतीस मुलं होती. कुणाचे आई-बाप साथीत गेलेले, कुणाचे मजुरीला गेले ते परतलेच नाहीत. गुरुजींनी पेन्शन घेतल्यावर हे सुरू केलं. अन्नाचं कसं भागवता, असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी एक पोतं उघडून दाखवलं. त्यात पांढरी, टपोरी, आपली ज्वारी होती. “पोरायनं येचलेला सरवा हाये.” सरवा म्हणजे कापणीनंतर शेतात पडून राहिलेली कणसं. सुगीत ही मुलं शाळेआधी तासभर गावच्या शेतांतून सरवा वेचतात. शेतकरी हाकलत नाहीत, काही तर मुद्दाम जास्त सोडतात. मायलोत ही ज्वारी मिसळली की भाकर फाटत नाही, एवढं त्यांनी मला शिकवलं.

मी पोचले तो नेमका सोमवार. संध्याकाळी चूल पेटली नाही. लहान मुलांना यातून सूट होती, पण त्यांनीच ती नाकारली होती. “आमचे सोमवार आधीच लय झाले म्हनून म्या त्यायले सांगतलं,” गुरुजी म्हणाले, “पन मोठे उपाशी राहतात अन् आमाले काहून नाही, म्हनून रडाले लागले.” मग लहानांना ताकातल्या कण्या (भरडलेल्या ज्वारीच्या) दिल्या जातात आणि त्याला जेवण म्हणायचं नाही असं ठरलं आहे. मलाही एक वाटी मिळाली. मी लहानांत मोडले, याचा त्या वेळी मला मोठा आनंद झाला.

“मंदा येऊन राहिली,” गुरुजी म्हणाले. मी इकडेतिकडे पाहिलं. कुणीच नव्हतं. पाच मिनिटांनी मंदा आली. इथल्या लोकांचे काळ चुकतात, अशी मी मनात नोंद केली. ‘येऊन राहिली’ म्हणजे येऊन बसली, मुक्कामाला आली. न आलेल्या मुलीबद्दल असं कसं म्हणता येईल? अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मी दरवर्षी वर्गात वाक्यात उपयोग करायला देते. स्वतःसाठी कधी वापरली नव्हती.

मंदा पंधरा वर्षांची, सडपातळ, डोळे मोठे. पटकीच्या साथीत आई आणि वडील एकाच आठवड्यात गेले तेव्हा ती अकरा वर्षांची होती. मी तिला वाचायला लावलं, हिशेब घातले, एक उतारा लिहून घेतला. अक्षर मोत्यासारखं होतं. मी सांगितलं, “जागा तुझी. जूनमध्ये शाळा सुरू होईल. परवा मी अमरावतीहून परत येईन, तेव्हा स्टेशनवरूनच बरोबर चल.”

तिनं एकच विचारलं, “पुन्याचं पानी गोड हाये का जी?”

“गोड आहे.”

“मंग सवय कराव लागन,” ती गंभीरपणे म्हणाली. तिच्या मागे उभ्या गुरुजींनी चष्मा काढून पुसला. मला फार बरं वाटलं. एवढं सोपं काम माझ्या हातून क्वचितच होतं.

दुसऱ्या दिवशी बडनेऱ्याला उतरले आणि तिथून अमरावतीची छोटी गाडी धरली. ती निघेपर्यंत आपण पायी पोचलो असतो, असं वाटायला लावणारी ती गाडी आहे. अमरावती अकोल्यापेक्षा शांत वाटली. अंबागेटच्या बाजूला एका गल्लीत आश्रम होता. कौलारू घर, पुढं वऱ्हांडा, परसात विहीर. मी कडी वाजवली. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीनं दार उघडलं. तिच्या कडेवर पाचेक वर्षांची पोर होती, कडेवर घ्यायच्या वयाची मुळीच नसलेली.

“तुळसाबाई आहेत? मी पुण्याहून आले. कौसल्येच्या लग्नाबद्दल...”

“मीच कौसल्या,” ती म्हणाली.

मी तिच्या गळ्याकडे पाहिलं. मंगळसूत्र नव्हतं. हातात काचेच्या बांगड्याही नव्हत्या. नुकतंच लग्न आणि एवढ्यात वैधव्य? मला तर रडूच यायला लागलं. “कधी झालं गं हे?” मी विचारलं.

“काय कधी झालं?”

तेवढ्यात आतून तुळसाबाई आल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, हाताला पीठ लागलेलं. माझा चेहरा पाहून त्यांनी मला आधी बसवलं, गूळपाणी दिलं, मग विचारलं. मी सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि त्यांच्या कपाळावरच्या आठ्या वाढत होत्या.

“लग्न झालं असं कोनं सांगतलं तुमाले?”

“तुम्हीच. पत्रात लिहिलंत, लग्न होऊन राहिले आहे.”

“होऊन राहिलं, असंच लेहलं म्या. झालं, असं कुठं लेहलं?”

“म्हणजे?”

तुळसाबाईंनी मला लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. आतमध्ये बोट दाखवून म्हणाल्या, “आत शांता भाकरी करून राहिली. झाल्या का भाकरी? नाही. करून राहिली. हे चिमी हाये ना, हे तुमच्याकडं पाहून राहिली. पाहून झालं का तिचं? नाही.” चिमी, म्हणजे कडेवरची पोर, खरोखरच डोळे फाडून माझ्याकडे पाहत होती आणि तिचं पाहणं संपायची चिन्हं नव्हती. “तसं कौसल्याचं लग्न होऊन राहिलं होतं. जुळवून राहिले होते लोक. येक दुकानदार होता, बायको मेलेला. जागेचं लवकर कळवा म्हनलं मी, जागा पक्की झाली असती तर मले ते लग्न थांबवता आलं असतं. तुमचं कार्ड आलं, आशीर्वादाचं. सौभाग्यवती लेहलं तुमी. आमी म्हनलं, पुन्याकडं लग्नाआधीच तसं लेहत असतीन. मंग समजलो, पुन्यालेबी हेच पसंत हाये.”

वऱ्हाडीत ‘होऊन राहिले’ म्हणजे होत आहे. एवढंच. सबंध वऱ्हाडाला माहीत असलेला हा काळ व्याकरणाच्या शिक्षिकेला माहीत नव्हता, आणि तिनं तो लाल पेन्सिलीनं दुरुस्त केला होता. माझ्या एका ‘गेले’नं एका मुलीची जागा गेली होती. मला इतकी लाज वाटली की मी दोघींकडे न पाहता जमिनीकडे बघत बोलले, “चूक माझी आहे. सगळी माझी.”

“मग लग्न?” मी थोड्या वेळानं विचारलं.

“मोडलं,” तुळसाबाई म्हणाल्या आणि एकदम हसू लागल्या. “हिनंच मोडलं.”

ते मोडण्याची हकीकत कळायला आश्रमाची एक रीत आधी कळायला हवी. इथं सतरा मुली आहेत आणि सांभाळणाऱ्या तुळसाबाई एकट्या. म्हणून दहा वर्षांपुढच्या प्रत्येक मुलीच्या वाट्याला एकेक लहान मुलगी दिलेली असते. तिची वेणी, तिची अंघोळ, तिचा अभ्यास, तिचा ताप, सगळं मोठीनं पाहायचं. त्या लहानीला ‘पदरची’ म्हणतात. चिमी कौसल्येच्या पदरची. “येकटीनं सतरा पोरी वाढवता येत नाहीत जी,” तुळसाबाई म्हणाल्या. “येकीनं येक धरली की सगळ्या वाढतात.”

तर दुकानदाराची आई मुलगी पाहायला आली. पोहे पुढं ठेवले. म्हातारीनं विचारलं, काय काय येते? कौसल्या म्हणाली, सैपाक येते, शिवन येते, सातवी पास हाये. अन् माह्या पदरी येक पोरगी हाये, पाच वर्साची, तिले सोडून मी येनार नाही. म्हातारी जी उठली ती चपला हातात घेऊनच रस्त्यावर गेली. पोहे तसेच राहिले आणि त्या दिवशी सगळ्या आश्रमानं पोहे खाल्ले.

“मुद्दाम बोललीस ना?” मी कौसल्येला विचारलं.

“खरं तेच सांगतलं जी,” ती म्हणाली आणि चिमीच्या केसांत तोंड लपवलं.

“मी सांगनार होती त्यायले, पदरची म्हंजे काय ते,” तुळसाबाई म्हणाल्या. “पन राहूनच गेलं.”

हसणं ओसरल्यावर कौसल्येनं विचारलं, “मंग आता जागा?”

मला उत्तर द्यावं लागलं. “ती अकोल्याच्या मंदाला दिली. कालच सांगून आले.”

“तिलेबी कोनी नाही?”

“नाही.”

“मंग राहू द्या तिलेच,” कौसल्या म्हणाली आणि चिमीला घेऊन विहिरीवर गेली. ती रागावली असती, भांडली असती, तर मला सोपं गेलं असतं.

जेवायला मायलोच्या भाकरी होत्या, सोबत पातोडीचा रस्सा (बेसनाच्या वड्यांचा, तिखटजाळ) आणि कांदा. शांता नावाच्या बारा वर्षांच्या मुलीनं भाकरी थापल्या होत्या. त्या फाटल्या होत्या, पण तिनं फाटलेले तुकडे जुळवून वाढले. मी सरव्याची युक्ती सांगितली. तिखटानं डोळ्यांतून पाणी आलं, ते मला सोयीचंच झालं.

दुपारी ऊन कलायला लागलं आणि वऱ्हांड्यात वेणीफणी सुरू झाली. मोठ्या मुली ओळीनं बसल्या, प्रत्येकीच्या पुढ्यात तिची पदरची. तेल थोडं होतं, एकच वाटी ओळीतून फिरत होती. मी कोपऱ्यात बसून राहिले, पुणेरी अर्थानं. वेणी झाल्यावर चिमी माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“तुमच्या पदरी कोन हाये?”

“माझ्या? कोणी नाही.”

“येकबी नाही?”

“नाही.”

तिनं माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. एवढी मोठी बाई, पिकलेले केस, आणि पदरी कुणी नाही. तिला ते पटेना. मागे वळून तिनं कौसल्येला ओरडून विचारलं, “बाईले काहून नाही दिली कोनी?” कौसल्येनं तिला दटावलं. तुळसाबाई गालात हसल्या. मी हसले नाही.

खरं सांगायचं तर मला एकटं राहायला आवडतं. नारायण पेठेत माझ्या दोन खोल्या आहेत, खिडकीशी खुर्ची आहे, आणि सकाळी चहा होईपर्यंत कुणी माझ्याशी बोलत नाही हे माझं सुख आहे. ते मी कष्टानं मिळवलं होतं. आमच्या विद्यालयात बाहेर राहून शिकणाऱ्या मुली असतात, त्यांना जागेची मर्यादा नसते, पालक पुण्यात असला की झालं, हे मला दुपारी जेवतानाच आठवलं होतं. आठवून मी ते गिळलं होतं, पातोडीबरोबर. आता ते पुन्हा वर आलं. चूक माझी होती, पण मी चूक भरून काढायला म्हणून बोलले नाही. त्या ओळीत मला एक रिकामी जागा दिसली आणि मला तिथं बसावंसं वाटलं.

मी कौसल्येला हाक मारली. “माझ्याकडे दोन खोल्या आहेत. मी चिडकी आहे. सकाळी चहाआधी बोललेलं मला खपत नाही. येशील?”

तिला कळायला वेळ लागला. मग ती म्हणाली, “चाहा मीच करीन जी. न बोलता.”

“आणि चिमी? तिला सोडून जाणार नाहीस, असं म्हातारीला सांगितलंस ना?”

“ते लग्नाले. शिकाले जाव लागलं तर नेम येगळा हाये.” तिचा आवाज थोडा बदलला. “दुसरीच्या पदरात देऊन जाव लागते. सुट्टीत पाहाले येता येते.”

तुळसाबाई तेलाची रिकामी वाटी पुसत बसल्या. माझा विश्वास धरावा की नाही, याचा त्या विचार करत असाव्यात, आणि तो विचार करायचा त्यांना पूर्ण हक्क होता. शेवटी त्या म्हणाल्या, “लेहत जा, कौसल्या. मले. अन् पत्र बाईले दुरुस्त करू देऊ नको.”

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमी शांताच्या पदरात दिली गेली, लहानी कमी असल्यानं तिच्या वाट्याला अजून कुणी आली नव्हती. यात मंत्र नाहीत, हळदकुंकू नाही. जाणारी मुलगी फणी नव्या मुलीच्या हातात देते आणि नवी मुलगी तिच्यासमोर लहानीची पहिली वेणी घालते. शांताचा हात जड होता. चिमी रडत होती आणि “दुखून राहिलं” म्हणत होती. “मुळाशी धर अन् मंग ओढ,” कौसल्या सांगत होती, पण स्वतः हात लावत नव्हती. हात लावायचा नसतो. वेणी वाकडी झाली. कौसल्येनं ती पाहिली, “चांगली झाली” म्हटलं आणि आत जाऊन आपली पिशवी घेऊन आली. डोळे पुसलेले होते. मीही दुसरीकडे पाहिलं. हिरवं लुगडं मी तिलाच दिलं. तुळसाबाईंनी विचारलं, हे तर लग्नाचं ना? मी म्हटलं, शाळेचं.

अकोल्याच्या फलाटावर गुरुजी मंदाला घेऊन उभे होते. तिच्या हातात पत्र्याची पेटी आणि सरव्याच्या ज्वारीचं एक गाठोडं होतं, पुण्याला भाकरी फाटू नये म्हणून. कौसल्येला पाहून तिनं विचारलं, “हे कोन?” मी लपवलं नाही. जागा आधी हिची होती, माझ्या चुकीनं तुला गेली, हेही सांगितलं. मंदा डब्याच्या दारातच थांबली.

“मंग मी कायले येऊ?”

“गाडी सुटून राहिली, चढ लवकर,” कौसल्या म्हणाली आणि तिची पेटी आत ओढली. खिडकीची जागा कुणाची, यावरून दोघी भुसावळपर्यंत भांडल्या. भुसावळनंतर दोघी एकमेकींच्या खांद्यावर झोपल्या आणि खिडकी मला मिळाली.

परत आल्यावर लोक विचारतात, वऱ्हाड कसं आहे? मी सांगते, ऊन फार, पाणी खारं, रस्सा तिखट आणि बोलणं तोडून टाकल्यासारखं. पहिल्या दिवशी असंच वाटतं. मग लक्षात येतं, की गोड बोलण्यात आमचा जेवढा वेळ जातो, तेवढ्यात ती माणसं उठून काम करून मोकळी झालेली असतात. मंदा वसतिगृहात रुळली आहे. पुण्याचं पाणी तिला अजून बेचव लागतं. कौसल्या न बोलता चहा करते. पहिले दोन दिवस ती शांतता मला आवडली. तिसऱ्या दिवशी मीच बोलले.

चौथ्या दिवशी मी तिला घेऊन रेशनच्या कचेरीत गेले. मायलो का होईना, आता दोघींची लागणार होती. कारकुनानं माझं कार्ड उलटसुलट करून पाहिलं. त्यावर एकच नाव होतं.

“पाहुणी असेल तर तात्पुरतं मिळेल,” तो म्हणाला.

“पाहुणी नाही. कायमची.”

“नातं?”

येताना मी बरीच उत्तरं जुळवून आणली होती: विद्यार्थिनी, आश्रित, लांबच्या नात्यातली. कौसल्या शेजारी उभी होती आणि काउंटरच्या लाकडावर नखानं रेघ ओढत होती. मी काय म्हणते ते ऐकण्यासाठी तिचं बोट थांबलं.

“मुलगी,” मी म्हणाले.

त्यानं कार्डाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “इथं तर कुमारी लिहिलंय.”

“बरोबर लिहिलंय.”

“आणि ही मुलगी?”

“हो.”

मागे रांग वाढत होती. त्यानं दौतीत टाक बुडवला आणि लिहिलं. ‘मुलगी’ लिहिताना त्यानं मु दीर्घ काढला. मी तो तसाच राहू दिला.